व्याह्याच्या कोरपेतला शेअर

विषय : मूळ शेअर प्रमाणपत्र उपलब्ध नसल्याने दुसरी प्रत मिळणेबाबत.
संदर्भ : निवृत्त पंपचालक झुमागाली यांचा अर्ज व त्यानंतरची तीन स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन की, मी उपलब्ध आहे.

मी तोच शेअरचा कागद बोलतोय. एका तेल आणि गॅस कंपनीचे साठ शेअर माझ्यावर छापलेले आहेत. कंपनीचं नावही मोठ्या अक्षरांत आहे, पण प्रकरण विचाराधीन असताना ते घेणं बरं दिसत नाही. सध्या मुक्काम कास्पियनच्या काठी, कोइशिबाय नावाच्या गृहस्थाच्या बैठकीत, निळ्या मखमलीच्या कोरपेच्या पोटात. कोरपे म्हणजे उंटाची लोकर भरलेली जाड गादी. त्या लोकरीत मी शिवलेला आहे आणि दिवसाचा बराच वेळ माझ्यावर कोइशिबाय बसलेला असतो. माणूस अंगाने भरलेला आहे.

माझा जन्म टंचाईच्या वर्षांतला. जुना देश मोडला होता, नव्या देशाच्या नोटांची शाई ओली होती आणि कंपनीकडे पगाराला पैसे नव्हते. पगाराऐवजी कोणाला पिठाची पोती मिळाली, कोणाला रबरी बूट. झुमागालीचा नंबर लागला तेव्हा पोती संपली होती. हिशेबनिसाने निळा शिक्का मारून त्याच्या हातावर मला ठेवलं.

घरी त्याच्या बायकोने, बल्झानने, मला उजेडात धरून पाहिलं.

"हे कसं शिजवायचं?"

"शिजवायचं नाही, जपून ठेवायचं. आपण आता कंपनीचे मालक झालो."

"असं का. मग मालकांनी जरा कोळसा आत आणावा. चूल विझतेय."

कोळशाचं सांगायलाच हवं. झुमागालीने एकतीस वर्षं जमिनीतला गॅस पुढच्या गावांना ढकलला, पण त्याच्या स्वतःच्या घरी गॅस नव्हता. कंपनीचा पिवळा नळ त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि टोकाला झाकण लावून तिथेच थांबला. तिथून घरापर्यंतचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. बल्झान कोळसा पेटवायची आणि सिलिंडर संपला की मुलीच्या लहानपणच्या बाबागाडीत घालून बदलून आणायची. गाडीचं एक चाक वाकडं होतं. झुमागाली म्हणायचा, "ह्या कागदाला चांगला भाव आला की विकू आणि नळ घरात घेऊ." हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा झानिल, त्यांची मुलगी, त्याच बाबागाडीत बसत होती.

बरीच वर्षं मला भावच नव्हता. कपाटाचा पाय हलायचा म्हणून काही महिने मी त्याखाली होतो. एकदा माझ्यावर चहाचा वाडगा ठेवला, त्याचा गोल डाग अजून आहे. पुढे आमची खरेदी-विक्री बाजारात सुरू झाली आणि माझा भाव टीव्हीवर सांगू लागले. तेव्हापासून मला चैन नाही. मी एका जागी पडून असतो, कोणाचं बरंवाईट करत नाही, पण कुठे कोणी ओरडलं की माझी किंमत बदलते.

एका हिवाळ्यात कंपनीने गॅसचा दर दुप्पट केला. आमच्याकडच्या गाड्या गॅसवर चालतात. लोक थंडीत चौकात जाऊन उभे राहिले. पहिल्या रांगेत कोइशिबाय होता. तेलविहिरींवरच्या कामगारांची ने-आण करणारी व्हॅन तो चालवायचा. त्याच्या शेजारी झुमागाली उभा होता. दोघांची ओळख तिथलीच. पुढे झानिलचं कोइशिबायच्या मुलाशी जमलं, त्याचं मूळ त्या चौकात आहे.

संध्याकाळी झुमागाली गारठून घरी आला.

बल्झान म्हणाली, "म्हातारबुवा, कोणाविरुद्ध घोषणा देऊन आलात?"

"कंपनीविरुद्ध."

"कंपनीचे मालक कोण?"

"चहा दे," झुमागाली म्हणाला.

चौथ्या दिवशी दर खाली आला. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि माझा भाव कोसळला. बातम्यांत त्याला जनतेचा दबाव म्हणाले.

त्याच आठवड्यात बँका बंद, फोन बंद, आणि अफवांना ऊत. बल्झान घाबरली. कोणी लुटेल याची तिला भीती होतीच, पण नवरा चिडून मला मातीमोल विकून टाकेल ही त्याहून मोठी. तिने पेटीवर रचलेल्या गाद्यांतली सगळ्यात वरची निळी कोरपे उसवली, मला लोकरीत सारलं, बारीक टाके घातले आणि कोणाला काही सांगितलं नाही. अंधारात मला वाटलं, चला, आता तरी कोणाच्या ओरडण्याचा आपल्याशी संबंध नाही.

महिनाभरात उत्तरेच्या शेजाऱ्याने युद्ध सुरू केलं. आमचं तेल त्याच्याच देशातून जाणाऱ्या नळाने त्याच्याच बंदरात पोचतं. बंदर अडलं की आम्ही अडलो. दूरच्या देशांतले लोक रस्त्यावर आले, युद्ध करणाऱ्यांचं तेल आम्हाला नको म्हणाले. आमचं तेल त्यांचं नव्हतं, पण नळ एकच, म्हणून नावही एकच पडलेलं. मी तळाला गेलो. झुमागाली टीव्हीसमोर माझा भाव ऐकायचा आणि आवाज बारीक करायचा.

वसंतात व्याही पहिल्यांदा घरी आले. मेंढा कापला होता. सन्मानाच्या जागी निळी कोरपे अंथरली होती, कारण तीच सर्वांत चांगली होती. बल्झान तेव्हा स्वयंपाकघरात मांस कापत होती. व्याह्यांनी एकमेकांना शेपटीची चरबी आणि कलेजी भरवली. ती गिळली की नातं पक्कं. मग नव्या व्याह्याला घरातली आवडलेली एक वस्तू मागण्याचा हक्क असतो, आणि यजमानाने नाही म्हणायचं नसतं.

कोइशिबायने गादीवर हात फिरवला. मी आत कुरकुरलो.

"कुदा," तो म्हणाला; आमच्याकडे व्याह्याला अशीच हाक मारतात. "दुसरं काही नको. पण ही कोरपे... किती वर्षांत अशी पाठ टेकली नव्हती."

"एवढंच?" झुमागाली हसला. "घोडा मागाल असं वाटलं होतं. नेली समजा."

बल्झान मांसाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ते ताट उंबऱ्यातच खाली टेकवलं. व्याहीण ऊलबोसिन म्हणाली, "आईच आहे, लेक जाणार म्हणून रडू आलं असेल." बल्झानने मान हलवली.

तर असा मी हुंड्यात नसताना मुलीच्या आधी सासरी आलो.

आणि मग भाव चढू लागला. युद्ध चालूच राहिलं, जगात तेल महाग झालं. कंपनीने आपल्या तेलाचं नाव बदललं. तेल तेच, नळ तोच, पण दूरदेशच्या लोकांची तक्रार मिटली. उन्हाळ्यापर्यंत मी कधी नव्हे एवढा मोलाचा झालो. कंपनीने जुन्या कामगारांना पत्र पाठवलं: कागदी शेअर वर्षअखेरपर्यंत आम्ही बाजारभावाने परत घेऊ, मात्र निळ्या शिक्क्याचा मूळ कागद आणावा. आलेल्या पैशांत नळ घरात येऊन वर शेगडीही झाली असती.

झुमागालीने पेटी उघडली. मग बल्झानला सगळं सांगावं लागलं.

हे मला कळलं ते झानिलमुळे. तोवर लग्न होऊन तीही ह्या घरात आली होती. ती माझ्यावर बसून आईशी फोनवर बोलत होती. बैठकीत दुसरं कोणी नव्हतं.

"तुझे बाबा कंपनीत जाऊन आले," बल्झानचा आवाज आला. "तिथली बाई म्हणते, दुसरी प्रत मिळेल, फक्त कारण लिहा. हरवलं? हे म्हणाले, नाही. चोरीला गेलं? नाही. जळालं? नाही. मग आहे कुठं? तर म्हणे, व्याह्यांच्या खाली."

"लिहायचं ना हरवलं म्हणून."

"तेच तिनंही सांगितलं. म्हणे, आजोबा, सगळे हरवलं लिहितात. हे म्हणाले, मी एकतीस वर्षं मीटर वाचले, नसलेला आकडा कधी लिहिला नाही."

"आई, मी उसवते. चार टाके तर आहेत. परवा हे सगळे बाहेरगावी जातायत."

फोनमध्ये खाकरण्याचा आवाज झाला आणि झुमागाली बोलू लागला. "झानिल, हात लावायचा नाही. नवी सून सासरची गादी चोरून फाडते, हे ऐकायचंय का मला?"

"बाबा, तुम्ही कोरपे दिलीत, कागद नाही दिला."

"देताना आतलं वेगळं काढून दिलं नव्हतं. दिलं ते दिलं."

"मग त्यांना सरळ सांगा तरी."

"सांगितलं म्हणजे परत मागितल्यासारखंच झालं."

मला बोलता येत असतं तर मी त्याच क्षणी बोललो असतो. मी फक्त कुरकुरू शकतो, आणि तेही कोणी बसलं तरच.

ऑगस्टमध्ये मात्र सुटकेची खरी संधी आली. आमच्याकडे उन्हाळ्यात गाद्या उसवतात, लोकर धुतात, वाळवतात, काठीने झोडपून पुन्हा भरतात. ऊलबोसिनने अंगणात पाण्याच्या परातींची रांग लावली. झानिल कात्री घेऊन माझ्याजवळ बसली. चोरी नाही, लपवाछपवी नाही, नुसती धुलाई. कात्रीचं टोक पहिल्या टाक्यात शिरलं.

"ती राहू दे," दारातून कोइशिबाय म्हणाला.

ऊलबोसिन म्हणाली, "का? वसंतापासून तुमचंच घामट अंग आहे हिच्यावर."

"आत ताईत आहे. दाबून बघ, कागद वाजतो. व्याहीणबाईंनी दुवा लिहून शिवलीय. तोंडाने सांगितलं नाही, एवढ्या मनाच्या मोठ्या. ही घरात आल्यापासून माझी व्हॅन एकदाही बंद पडली नाही."

"ताईत आहे तर त्याला साबण काय करणार?"

"उसवला की त्याचा गुण जातो. झानिल, बेटा, कात्री ठेव."

झानिलने कात्री ठेवली. तिने माझ्यावर एकदा तळहात दाबला आणि ती परातीकडे गेली. मी इतका वैतागलेला पूर्वी कधी नव्हतो, कपाटाच्या पायाखालीसुद्धा नाही.

शरद लागला आणि कोइशिबायने नवीन काम काढलं. कंपनी एवढा नफा कमावतेय, तर पिवळे नळ गल्लीच्या तोंडाशी का थांबावेत? ते स्वखर्चाने घराघरांत न्यावेत, असा अर्ज त्याने लिहिला आणि सह्या जमवायला सुरुवात केली. रोज बैठकीत दहाबारा माणसं यायची. माझ्यावर बसून चहा पिता पिता माझा भाव पाडायची. आठ हजार सह्या झाल्याची बातमी टीव्हीवर आली, त्याच बातमीत मी उतरल्याचंही सांगितलं. सह्या वाढत गेल्या, मी उतरत गेलो. जनतेचा दबाव कसा असतो, हे कंपनीच्या साहेबांनी अहवालात वाचलं असेल. मी तो लोकरीच्या थराखालून रोज सोसलाय.

मागच्या शुक्रवारी झुमागाली आला. "या, ताइतावर बसा," म्हणत कोइशिबायने त्याला हाताला धरून निळ्या कोरपेवर बसवलं. मी कुरकुरलो. झुमागाली क्षणभर अवघडला आणि मग त्याने अंग सैल सोडलं.

"कुदा, तुमची सही राहिलीय," कोइशिबाय म्हणाला. "तुमच्याच गल्लीचं नाव सगळ्यात वर घातलंय. व्याहीणबाई त्या वाकड्या चाकाच्या गाडीतून सिलिंडर आणतात, ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. मला झोप लागली नाही."

झुमागालीने चहाचा घोट घेतला.

"तसे कंपनीचे शेअरवाले ओरडतायत म्हणे, भाव पडला म्हणून. ओरडू देत. त्यांना काय कळणार कोळशाचा धूर? तुमच्या ओळखीत आहे का कोणी शेअरवाला?"

"आहे एक," झुमागाली म्हणाला.

"मग त्याला समजवा."

"समजतंय त्याला. पेन द्या."

त्याने कागद मांडीवर घेऊन, म्हणजे माझ्या बरोबर वर, सावकाश सही केली. मग उठताना आधारासाठी हात टेकला. मी जिथे आहे नेमका तिथेच टेकला आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ ठेवला.

"ताईत चांगला आहे, कुदा," तो म्हणाला. "जपून वापरा."

आजची स्थिती अशी. कंपनी कागद परत घेण्याची मुदत संपायला सात आठवडे आहेत. झुमागालीने अर्जातला कारणाचा रकाना अखेर भरला: "हरवलेले नाही. कुठे आहे ते मला माहीत आहे. आणता येत नाही." त्यावर कंपनीने खुलासा मागवला आणि त्याने खुलासा म्हणून तेच वाक्य पुन्हा पाठवलं. कोइशिबायचा अर्ज अकरा हजार सह्यांसह त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर दाखल झाला आहे. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या नळावर पहिलं बर्फ पडलं, आणि काल बल्झान सिलिंडर घेऊन आली, असं झानिल फोनवर बोलताना ऐकलं.

ज्या कोणा अधिकाऱ्यापर्यंत हे निवेदन पोचेल त्यांना विनंती एवढीच, की दोन्हींपैकी कोणताही एक अर्ज आधी काढावा. कोणता, याबद्दल माझा आग्रह नाही.

दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.