रुमालाखालचा भाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कारंजा गावात अशफाकभाईंच्या शेअर दलालीच्या दुकानात, बंद पडलेल्या पंख्यामागे माझा मुक्काम असतो. माझ्यावर चौकड्यांचा एक रुमाल पांघरलेला आहे. तो गफ्फारचाचांचा.

एके काळी माझी काय ऐट होती! कोणी 'विका' म्हटले की मी त्याचा भाव दूरच्या शेअर बाजारातल्या मोठ्या यंत्राकडे पाठवी. तिथे घेणाऱ्यांची एक रांग, विकणाऱ्यांची एक. ज्याचा भाव चांगला तो पुढे. भाव सारखाच असेल तर आधी आलेला पुढे. दोन्हीकडचे भाव जुळले की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सौदा पक्का. लोक तोंडात बोटे घालत.

गफ्फारचाचा बैलबाजारातले जुने दलाल. रुमालाखाली समोरच्याची बोटे दाबून भाव ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. धाकटी लेक अनम हिला नर्स व्हायचे होते, म्हणून त्यांनी थोडे थोडे शेअर घेऊन ठेवले होते. प्रवेशाची तारीख जवळ आली तेव्हा ते विकायला आले, आणि रिवाजाप्रमाणे चढाच भाव सांगून बसले.

दुपारी त्या शेअरचा भाव चढत चढत त्यांनी सांगितलेल्या भावाच्या एक रुपया खाली येऊन थांबला.

"चाचा, एक रुपया सोडा, आत्ताच विकल्या जाते," अशफाकभाई म्हणाले.

"एका रुपयासाठी कोनी सौदा मोडते काय? थांब जरा, समोरचा येते वर."

"समोर कोनीच नाही ना, चाचा! हे मशीन घासाघीस करत नाही."

चाचा हसले. "मानसाबिगर सौदा होते काय, बाप्पा?"

मला ओरडून सांगावेसे वाटले. पण यंत्राला कुठली वाचा! बाजार बंद झाला. संध्याकाळी त्या कंपनीची वाईट बातमी आली आणि दुसऱ्या दिवसापासून नुसते विकणारेच उरले. भाव रोज ठरलेल्या मर्यादेपर्यंत पडे आणि तिथेच अडून राही. चाचांचे शेअर विकले गेले तोवर प्रवेशाची तारीख टळली होती, आणि हाती आलेल्या पैशांत फीसुद्धा भागत नव्हती.

"अब्बा, तुमी काहून रडून राह्यले?" अनम एवढेच म्हणाली. आता ती गावातच कपडे शिवते.

पुढे अशफाकभाईंचे सगळे काम मोबाइलवर गेले आणि मी अडगळीत आलो. चाचा कधीमधी येतात, धूळ झटकून रुमाल पुन्हा पांघरतात. एकदा त्यांनी रुमालाखाली हात घातला, माझ्या कळांवर बोटे ठेवली आणि तसेच बसून राहिले.

मित्रांनो, यंत्रे जपून वापरा, हे तर मी सांगतोच. पण ज्याच्या हाती यंत्र द्याल, त्याला आधी शेजारी बसवून त्याची रीत समजावून सांगा. शेअर विकायला आले त्या दिवशी चाचा समोरच्याच्या उत्तराची वाट पाहत होते, आणि त्यांची बोटे दाबायला माझ्यापाशी हात नव्हता.