स्वच्छ बेडका

बाकीचे नवरे सकाळी उठून बायकोकडे चहा मागतात. आमचे हे बेडका मागतात.

हे क्षयरोगाचे संशोधक. एचआयव्ही झालेल्या माणसाला क्षय झाला, तर त्याच्या बेडक्यात जंतू इतके थोडे असतात की मायक्रोस्कोपखालीही सापडत नाहीत. म्हणून बेडका नळीत भरून उबेत ठेवायचा आणि काही उगवतंय का ते आठवडेच्या आठवडे बघत बसायचं. रोग्यांच्या नळ्यांसोबत दर खेपेला एक निरोगी माणसाची ‘स्वच्छ’ नळी ठेवतात. तिच्यात जंतू उगवले, तर कुणीतरी काम करताना सांडलवंड केली असं धरतात आणि अख्खी खेप फेकून देतात. दुसऱ्या लॅबमध्ये त्या नळीत नुसतं मीठपाणी घालतात म्हणे. ह्यांना ते पटत नाही, खराच बेडका हवा. आणि तो द्यायला घरात हक्काची मी आहेच की!

"छातीतून काढ अगं, लाळ नको," असं लग्न झाल्यापासून ऐकतेय. आधी मेलं काही निघायचंच नाही. वाफ घ्यायची, घसा खरवडायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. गेल्या हिवाळ्यापासून मात्र बसल्या जागी बाटली भरायला लागली. ह्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "वा! आत्ता कुठे जमायला लागलं तुला."

"अहो, मला खोकला झालाय."

"धुळीचा असेल."

झालं, संपलं. दिवसभर परक्यांच्या खोकल्याचा माग काढणाऱ्या माणसाला बायकोच्या खोकल्यासाठी वेळ कुठला? माझे कपडे अंगावर लोंबायला लागले. रात्री घामाने उशी भिजायची. आमची धाकटी ठमी माझ्या गळ्यात तोंड खुपसून झोपते, तिचेही केस ओले व्हायचे.

आणि मग स्वच्छ नळीत जंतू उगवले.

ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. नळ्या भरणाऱ्या पोरीला सगळ्यांदेखत झाडलं, लॅब धुऊन काढली, रोग्यांना पुन्हा थुंकायला बोलावलं. त्यांतला एक हमाल आलाच नाही. औषधाची वाट बघत तो घरीच मेला. हे म्हणाले, "अभ्यासातून एक गळला." मेला असं म्हणायलाही ह्यांची जीभ वळत नाही.

दुसऱ्या खेपेलाही स्वच्छ नळीत तेच. पोरीला काढून टाकलं. ती बिचारी आमच्या दारात येऊन रडली, "वहिनी, सरांना सांगा ना, मी थेंबभरसुद्धा सांडलं नाही हो." मी सांगितलं. "तू मधे पडू नकोस," म्हणाले.

जेवताना मी सहज विचारलं, "अहो, ती नळी स्वच्छच असते कशावरून?"

हे खो खो हसले. "अगं वेडे, तुझी आहे ती!"

तिसऱ्या खेपेला खोकल्याने मला उठवेना, म्हणून ह्यांनी लॅबच्या वॉचमनचा बेडका घेतला. त्या नळीत काहीच उगवलं नाही. हे आइस्क्रीमचा डबा घेऊन नाचत घरी आले. "बघितलंस? पोरगी गेली, घाण गेली!"

मी ठमीला आइस्क्रीम वाढत होते. पोरगी गेली होती हे खरं, पण त्या खेपेत मीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी ह्यांना न सांगता दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि बोटाने छातीतली भोकं दाखवली. "इतके महिने काय करत होतात? घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?" मला हसूच फुटलं. बाईंना वाटलं, धक्क्याने डोकं फिरलं हिचं.

संध्याकाळी हे जेवायला बसले तेव्हा मी समोर उभी राहून सांगितलं, "मला क्षय झालाय. छाती पोखरून निघालीय. तुमची स्वच्छ नळी म्हणजे मी."

ह्यांनी घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. निदान माझा हात तरी धरेल. वेडी आशा, दुसरं काय!

ह्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे... म्हणजे आपल्या नळ्या बरोबरच होत्या! दोन्ही खेपा खऱ्या होत्या गं!" खरकट्या हातानेच फोन उचलला आणि लॅबमध्ये ओरडायला लागले, "अरे, त्या जुन्या नळ्या फेकल्या का सगळ्या? एखादी तरी उरली असेल, नीट बघा!"

तेवढ्यात आतल्या खोलीत ठमी खोकायला लागली. कोरडा, लांबलचक खोकला.

ह्यांनी फोनवर हात ठेवला. "अगं, तिला जरा गप्प कर ना. काही ऐकू येत नाहीये."

मी कपाटातून उद्या सकाळची बाटली काढली आणि ठमीजवळ जाऊन बसले. तिला उठवून मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"खोल श्वास घे बाळा," मी म्हटलं. "छातीतून काढ. लाळ नको."