गार झाल्यावर

तापलेल्या पेटीच्या भोकातून तिने लांब दांडी आत सारली आणि आतल्या वॉकीटॉकीचं बोलायचं बटण दाबलं. दांडी मागे घेतली. बटण वर आलं नाही.

अग्निशमन दलाचे वॉकीटॉकी ती इतकी वर्षं नियमाप्रमाणे तपासत आली होती. सेट तापवायचा, गार होऊ द्यायचा, मग बोलून बघायचं. या बनावटीचा सेट त्यात दरवेळी पास झाला होता, प्रमाणपत्रही मिळवून बसला होता. आज मात्र तिने तो गरम असतानाच दाबून पाहिला. मागच्या महिन्यात गोदामाच्या आगीत, दलातच असलेल्या तिच्या भावाचा कामावरचा जोडीदार गेला. तो आत अडकल्यावर त्याच्या सेटचं बटण दाबलेलंच राहिलं आणि त्या वाहिनीवर बाकी कुणालाच बोलता येईना. घाबरून बटण धरून बसला, असं चौकशीत ठरलं. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं गेलं.

पेटी निवत आली तसं आत बारीकसं टक् वाजलं. बटण आपसूक वर आलं.

तिच्या साहेबांनी पेटी पुन्हा तापवायला लावली, तिच्याकडून दांडी घेतली आणि स्वतः करून पाहिलं. पुन्हा तेच. आजच वर कळवतो, म्हणाले. पण नियमात गार झाल्यावरच तपासायचं आहे, तो बदलेपर्यंत प्रमाणपत्र मागे घेता येणार नाही. बोलताना ते पेटीकडेच बघत होते.

दुपारी ती भावाच्या केंद्रावर गेली. तो बंबाच्या पायरीवर बसून बूट पुसत होता. तिने सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला नाही. स्वच्छ झालेला बूटच तो पुसत राहिला.

"म्हणजे त्याने धरून नव्हतं ठेवलं."

"नाही, दादा. अडकलं होतं."

"आम्ही सगळे सांगत होतो त्याला, डावीकडच्या दाराने ये म्हणून. तेवढं तरी ऐकू गेलं असेल ना?"

बटण दाबलेलं असलं की सेटवर काहीच ऐकू येत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं.

संध्याकाळी त्याच्या बायकोकडे जाऊ, तो म्हणाला, तूही चल. तिला मीच सांगतो.

तेवढ्यात घंटा झाली. माणसं धावली. जाता जाता जो तो चार्जिंगच्या फळीवरून आपापला सेट उचलत होता. भावाने आपला, त्याच बनावटीचा, उचलला, हातात तोलला आणि जुने सेट कुठे उरलेत का, असं कोठीवाल्याला विचारलं. ते कधीच परत गेले होते. त्याने सेट खांद्याला अडकवला.

बंब सुरू झाल्यावर तो खिडकीतून तिच्याकडे वाकला.

"मला उशीर झाला तर तू एकटी जा," तो म्हणाला. "पण आजच जा."