शटरवरची नोटीस

सरकारी कागद शेजाऱ्याच्या दारावर लागला की आपण काय करतो, खरं सांगा बरं! मान खाली घालून पुढे चालू लागतो. आणि लावणारा? तो तर मागे वळूनही बघत नाही.

नगरपालिकेतला नोटिशीचा कारकून बावीस वर्षं हेच करत आला होता. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी जायचं, बंद शटरवर कागद चिकटवायचा, फोटो काढायचा, घरी यायचं. मालकच समोर नाही, तर वाद कोण घालणार? साहेबांनी शिकवलेली युक्ती ती! रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा वळणावरच्या दहा दुकानांच्या ओळीत बाइंडरकाकांच्या दुकानावरही त्याने असाच कागद लावला. खळ काकांकडचीच होती. ऑफिसची रजिस्टरं बांधून आणताना हा पठ्ठ्या डबाभर खळ फुकट घेऊन यायचा, आणि काकाही हसून द्यायचे.

दुसऱ्या दिवशी काकांनी शटर वर ढकललं, तसा कागदही गुंडाळून वर गेला. संध्याकाळी खालून ओढून, चाचपडत कुलूप लावून ते घरी गेले. डोळे कधीच अधू झालेले. तीस दिवस कागद असाच वर गेला, खाली आला. हरकतीची मुदत संपली.

एकतिसाव्या दिवशी बुलडोझर दाराशी आला, तेव्हा काका शाळेचं हजेरीपुस्तक शिवत होते.

"अरे, मला कुणी विचारलं तरी का?"

"नोटीस लावली होती, काका." कारकुनाने शटर ओढून दाखवलं.

काकांनी कागदाचा कोपरा नखाने खरवडून पाहिला. "माझीच खळ रे ही," ते म्हणाले. "म्हणून तर महिनाभर टिकली."

कारकुनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तासाभरात दुकान जमीनदोस्त झालं. पुस्तकं दाबायचा, जमिनीत रोवलेला लोखंडी शिकंजा तेवढा निघता निघेना. तो तिथेच वाकला.

संध्याकाळी न राहवून कारकून काकांच्या घरी गेला. दार काकूंनी उघडलं. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. हातात जुनं वर्तमानपत्र होतं. बोटं त्याच्या घड्या घालत होती, उलगडत होती.

"काकू, मला हुकूम होता..."

"हुकूम साहेबाचा, पण हात तुझेच होते ना?" काकूंचा आवाज फुटला. "रस्ता नको असं कोण म्हणतंय, बाबा? पण पोटाला चिमटा काढून घेतलेली जागा ती! हवी होती तर दार वाजवून मागायची, आमचं ऐकून घ्यायचं. मालक नसताना येतो त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना तुला?"

कारकून तिथेच ओक्साबोक्शी रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने फाइलवर सही करून लिहून दिलं, की ओळीतली एकही नोटीस मालकाच्या हातात दिलेली नाही. "नोकरी जड झाली का?" साहेब गरजले. "नाही, साहेब. मन जड झालंय," तो म्हणाला. उरलेल्या नऊ दुकानांची तोड थांबली आणि नव्याने सुनावणी लागली. या वेळी प्रत्येक नोटीस त्याने मालकाला वाचून दाखवली, शिव्याही मुकाट्याने ऐकल्या. चार दुकानं वाचली.

काकांचं मात्र गेलं ते गेलंच. त्यांनी पुन्हा सुई हातात धरली नाही.

बंधूंनो, भगिनींनो, घामाने मिळवलेली जागा ही कुणाची मेहेरबानी नव्हे, तो माणसाचा हक्क आहे. सरकारनेसुद्धा तिच्यापुढे थांबून आधी दार वाजवलं पाहिजे! आणि आपण? शेजाऱ्याच्या शटरवर कागद दिसला, तर निदान त्याला हाक मारू या. त्या महिन्यात त्या रस्त्याने शेकडो माणसं गेली होती. एकानेही काकांना हाक मारली नाही.