दोन बरण्यांची झाकणं

माझ्या थोरल्याची एक खोड आहे. चूक त्याची असली की तोंडाला कुलूप लागतं आणि बघणाऱ्याला वाटतं, किती शांत स्वभावाचा.

ह्यांच्या हातच्या शेवटच्या दोन बरण्या संग्रहालयाने मागून नेल्या. घडवल्या ह्यांनी, निळी वेल काढली मी. बरणीच्या पोटावरून चढते आणि झाकणावर जाऊन फुलते. देठाला देठ जुळला पाहिजे, म्हणून जिचं झाकण तिलाच. भट्टीतसुद्धा आम्ही जोडी मोडली नाही. थोरला तिथेच पहारेकरी, त्यामुळे बरण्या बांधायचं काम त्याच्याकडे आलं. शहाण्याने चारही नग वेगवेगळ्या कागदांत गुंडाळले.

काल बघायला गेले. काचेच्या पेटीत, दिव्याखाली, झाकणांची अदलाबदल. देठ काठाशी येऊन तुटलेला, फूल भलतीकडेच तोंड करून. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून पाटी थोरल्याकडून वाचून घेतली. वेल मुद्दाम तोडली आहे म्हणे, त्यात विरह आहे. वेल काढत होते तेव्हा हे शेजारी बसून तिसरा चहा मागत होते. कसला विरह आणि कसलं काय!

तिथल्या मॅडमना सांगितलं, झाकणं बदला, दोन मिनिटांचं काम. बाई गोड. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण म्हणाल्या, प्रदर्शनाचं पुस्तक छापून झालंय, पेटी उघडायची तर जुना फोटो हवा, नाहीतर कागद. आमच्याकडे कुठला कागद? पुरावा ह्यांच्या हातात होता, तो हात गेला. मी म्हटलं, ह्याला विचारा, बांधल्या ह्याने.

मॅडमनी विचारलं. पुढच्या महिन्यात त्याची नोकरी कायम व्हायची आहे. तो गणवेशाच्या बटणाकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "आईचं वय झालंय, मॅडम."

मॅडमनी माझा हात थोपटला. लहान मुलीचा थोपटावा तसा.

त्या गेल्यावर मी पेटीशी गेले. बोट टेकवलं तेवढ्यात तो पुटपुटला, काचेला हात लावू नकोस, आई.

मी हात खाली घेतला. म्हटलं, "होशील हो तू कायम. आता जन्मभर इथे उभा राहा आणि स्वतःच्या चुकीची राखण कर. कुणी ती सुधारायला आलंच, तर त्यालाही असाच हटक."