दोन चिखलाचे, दोन डांबराचे

मित्रांनो, मी एक टायर आहे. स्वतःला जुना म्हणायला जीभ रेटत नाही, कारण माझ्या खाचा अजून चांगल्या खोल आहेत. पण रामनगरच्या टायर दुकानामागच्या ज्या ढिगात मी पडलो आहे, तिथे आलेला प्रत्येक जण जुनाच समजला जातो. माझ्या पोटात पावसाचं पाणी साठतं आणि वर सागाची पानं पडतात. तुम्हाला वेळ असेल तर माझी हकिगत ऐका. ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काळं रबर आणि तारा तापलेल्या साच्यात दाबून मला घडवलं. मला मोठाल्या खाचा दिल्या, कारण माझा जन्म चिखलासाठी होता. गुळगुळीत रस्त्यावर मी भुणभुण आवाज करतो आणि बसणाऱ्यांना हादरेही देतो. पण चिखलात एकदा रुतून पकड घेतली की सोडत नाही. या गोष्टीचा मला भारी गर्व होता. खोटं कशाला बोलू?

एका दसऱ्याच्या सुमारास दिग्गी गावचा परशुराम दुकानात आला. त्याची व्हॅन उंच होती आणि गिअरशेजारचा आखूड दांडा ओढला की तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळायचा. दिग्गीहून बाहेर पडायला निम्मी वाट रानातली, आडव्या वाहणाऱ्या वहाळाची आणि लाल चिखलाची. पुढची निम्मी डांबराची. बाजारहाट, दवाखाना, कॅसलरॉकची रेल्वे, सगळ्यासाठी गावाला हीच एक गाडी. म्हणून टायरांचा खर्च घराघरांनी मिळून उचलला होता, आणि टायर कोणते घ्यायचे हेही गावकीनेच ठरवलं होतं.

गावकीत काय झालं ते मी पुढे गाडीत बसणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. वरच्या वाडीतले म्हणाले, चिखलाचे मोठ्या खाचांचे टायर घ्या, नाहीतर पावसात गाडी आमच्यापर्यंत येणारच नाही. खालच्या वाडीतल्यांची घरं डांबराला लागून. ते म्हणाले, असले टायर घेतले तर रामनगरला पोचेपर्यंत आमची हाडं खिळखिळी होतील. या गावची एक रीत आहे. रानातून मध आणला तरी वाटे सारखे पडतात, आणि गावकीत बसलेल्या कुणाचाही शब्द खाली पडू देत नाहीत. तेव्हा परशुरामचा थोरला भाऊ झिलू, ज्याच्या निवाड्याला सगळे मान द्यायचे, तो शांतपणे म्हणाला, "दोन चिखलाचे घ्या, दोन डांबराचे घ्या. न्हाई कुणाचा रुसवा, न्हाई फुगवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मधाचे वाटे पडतात तसे टायरांचेही वाटे पडले.

दुकानदार सुदेशने मात्र कपाळाला हात लावला. "परशुराम, असं करू नको बाबा," तो म्हणाला. "दांडा ओढलास की ही चारी चाकं एकमेकांला बांधली जातात. चारी एका जातीची पाहिजेत. दोन टायर ढकलतील आन् दोन घसरतील, मग गाडी तुझं ऐकणार न्हाई."

"दादानं ठरवलंय," परशुराम म्हणाला. "दादाच्या शब्दापुढं मी जात न्हाई."

"मग दादाला जाऊन सांग की मी असं म्हंतो."

"सांगतो," असं म्हणून परशुरामने आम्हाला गाडीवर चढवून घेतलं. मी मागचा डावा. माझा जोडीदार मागचा उजवा. पुढे बारीक खाचांचे ते दोघे डांबराचे. आणि सुदेशचं बोलणं परशुरामने घरी कुणालाच सांगितलं नाही.

मित्रांनो, थंडीचे आणि उन्हाळ्याचे ते महिने माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. कोरड्या वाटेवर आमचं बिंग कशाला फुटतंय! लोक उतरताना मला थोपटायचे. झिलूच्या निवाड्याचं कौतुक तर गाडीत रोज व्हायचं. परशुराम ते ऐकून हसायचा, पण त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे. ते हात मला जाणवायचे.

गाडीचं काहीतरी चुकतंय हे पहिल्यांदा ओळखलं ते सुनयनाने. ती झिलूची बायको, परशुरामची वैनी. आई गेली तेव्हा परशुराम चार वर्षांचा होता. या वैनीने त्याला पेज भरवून वाढवलं. पाऊस सुरू झाल्यावर एकदा ती त्याच्याशेजारी बसली होती. वहाळापलीकडच्या चढावर गाडी वळणात सरळच गेली आणि बांधाला टेकून थांबली.

"परसू, तू तर चाक फिरवलं हुतंस. गाडी का फिरली न्हाई?"

परशुरामने तिच्यापासून कधी काही लपवलं नव्हतं. त्याने सुदेशचं सगळं बोलणं सांगून टाकलं.

वैनीने खिडकीतून वाकून पुढचं चाक बघितलं. मग म्हणाली, "थोराड बैलासंगं वासरू जुंपलंयसा की रे तुम्ही! ह्यांना सांग आजच."

"चारचौघांत दादाचा शब्द खाली पडंल, वैनी."

"मग मी सांगते."

"नको. तुला माझी शपथ हाय. चवथ झाली की मी गुपचूप पुढची दोन बदलतो. कुणाला कळायचं न्हाई." गणपतीला अजून दीड महिना होता. शपथ घातल्यामुळे वैनीचं तोंड बंद झालं, आणि मला तेव्हा बरंच वाटलं, कारण आमची जोडी गाडीवर राहणार होती. असा मी मूर्ख!

आठ दिवसांनी, सकाळी लावणीच्या चिखलात वैनीला साप चावला. झिलूने तिला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आणलं. पाऊस धो धो कोसळत होता. अँब्युलन्स डांबर संपतं तिथपर्यंतच येते, तिथपर्यंत पोचवायचं काम आमचं. झिलू मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. परशुरामने दांडा ओढला आणि आम्ही निघालो.

वहाळ आम्ही पार केला. मग तो चढ आला, आणि वळण. पुढच्या दोघांच्या बारीक खाचा चिखलाने केव्हाच बुजून गेल्या होत्या. परशुरामने चाक उजवीकडे पूर्ण फिरवलं. पुढचे दोघे नुसते घसरत राहिले. आणि मी? मी चिखलात रुतलो, पकड घेतली आणि सगळा जोर लावून ढकललं. मला दुसरं काही येतच नव्हतं. माझ्याच जोराने गाडी सरळ पुढे गेली, बांध फोडला आणि खालच्या चरात तोंडावर पडली. मित्रांनो, त्या दिवशी माझी पकड जरा कमी असती तर गाडी जागच्या जागी थांबली असती. हा सल माझ्या मनातून जात नाही.

कुणाला फार लागलं नाही. पण गाडी निघणारी नव्हती. दोघा भावांनी चादरीची झोळी करून ती बांबूला बांधली आणि वैनीला खांद्यावर घेऊन पावसात चालू लागले. मी चरातून बघत होतो. गाडीचं डावं अंग हवेत होतं. वैनी त्या वेळी शुद्धीवर होती. "परसू, सावकाश रे, पाय घसरंल," असं ती म्हणाल्याचं मी ऐकलं. ती डांबरापर्यंत पोचलीच नाही.

दिवसकार्य झाल्यावर गावातल्या लोकांनी दोर लावून गाडी वर काढली. सगळे जमलेले बघून झिलू पुढे आला. तो तेवढ्या दिवसांत पार वाळला होता. "निवाडा माझा हुता," तो म्हणाला. "वाटे मी पाडले. दोष माझा हाय, पोराला कुणी बोलू नका."

परशुराम तेव्हा माझ्या शेजारी उभा होता. त्याचा हात माझ्यावर होता. एवढे महिने गिळलेलं त्याला आता गिळवेना.

"न्हाई दादा. सुदेशनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं. वैनीबी सांगत हुती. तुझा शब्द पडू नये म्हणून मी गप्प बसलो. तिलाबी शपथ घालून गप्प केलं."

झिलू आपल्या भावाकडे बघत राहिला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मला सांगायचं हुतंस की रे परसू," तो म्हणाला. "मी ऐकलं असतं."

मग तो गाडीच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. परशुराम त्याच्या पायांशी बसला. दादाचा शब्द खाली पडेल या भीतीने तो गप्प राहिला होता, आणि दादा तर ऐकायला तयारच होता. याहून मोठं दुःख मी पाहिलेलं नाही.

मित्रांनो, गाडीला टायर निवडताना चारही एका जातीचे निवडा आणि जाणत्याचं ऐका, ही माझी विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. ज्या माणसाला मान देता त्याच्यापासून खरं लपवून त्याचा मान राखू नका. तो मान नव्हे. त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते.

मला इथे आणून टाकलं त्या दिवशी दोघे भाऊ आले होते. सुदेशने जॅक लावून आम्हा चौघांना उतरवलं आणि हात पुसत झिलूकडे बघितलं. वडीलधारा तोच ना! "बोला झिलूदादा, कुठले चढवू?"

झिलू दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्याने परशुरामला जवळ ओढून शेजारी बसवलं.

"तू सांग परसू," तो म्हणाला. "मी ऐकतोय."