खाप्याची आई

सुनाद रेडिओ कंपनीच्या फाटकावर जयवंता तिसऱ्यांदा जाऊन उभी राहिली, तेव्हा चौकीदाराने तिच्या हातातलं पत्र न वाचताच विचारलं, आल्या का बाई पुन्हा? आता यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? हिंगणा रस्त्यावरच्या त्या कारखान्यात दीड वर्षात तीनदा मुलाखतीला येणारी बाई कोणाच्याही लक्षात राहील. पण जयवंताला ते चांगलंच झोंबलं. पदर खोचत तिने त्याला सांगून टाकलं की नोकरी लागली म्हणजे मी रोजच येणार आहे, तेव्हा आतापासूनच सवय करून घ्या.

बोलायला काय जातं! आधीच्या दोन खेपा तिला विसरता आल्या नव्हत्या. पहिल्या खेपेला तिला मॅट्रिक पाहिजे म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं, आणि ही आठवी पास. दुसऱ्या खेपेला टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, करंट म्हणजे काय? तिने खरं होतं ते सांगितलं, की आमच्या खापा गावात रोज संध्याकाळी जातो तो करंट. साहेब पोट धरून हसले, चहा पाजला आणि नोकरी दुसरीला दिली. हसवणाऱ्याला चहा मिळतो, नोकरी मिळत नाही, एवढी अक्कल तिला त्या दिवशी आली. पण या वेळच्या पत्रात प्रश्नांचं नावच नव्हतं. ट्रान्झिस्टरच्या आत बारीक तारेची कॉइल बसते, ती गुंडाळायला दोन बाया घ्यायच्या होत्या आणि परीक्षा फक्त हाताची होती. जयवंता खाप्याच्या विणकराची लेक, सात वर्षांची असल्यापासून मागावर बसलेली. हाताची परीक्षा म्हटल्यावर तिला रात्रभर झोप आली नाही, इतका तिला आनंद झाला होता.

नोकरी तिला कशापायी हवी होती, ते इथेच सांगितलेलं बरं. चार वर्षांपूर्वी, सत्त्याहत्तर साली, तिचा नवरा काविळीने गेला. पोरगी अरुंधती तेव्हा तीन वर्षांची. नागपूरच्या नंदनवन वस्तीत, सासरच्या दोन खोल्यांत थोरले दीर आणि जाऊ पार्वतीबाई राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. जयवंताने खाप्याला बापाकडे जावं, मागावर हात चालवावा, आणि अरूने नागपुरात चांगल्या शाळेत जावं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. थोडे दिवस, असं ठरलं होतं. त्या थोड्या दिवसांची चार वर्षं कधी झाली, कोणी मोजलंच नाही. म्हणजे जयवंता सोडून कोणी मोजलं नाही.

महिन्यातून एकदा ती पहाटेची बस धरून लेकीला भेटायला यायची आणि साडेपाचच्या बसने परत जायची. दर खेपेला हाताने शिवलेला एक फ्रॉक आणायची. माप गेल्या महिन्याच्या आठवणीचं, त्यामुळे दर खेपेला तो काखेत तंग व्हायचा. पार्वतीबाई नंतर गुपचूप शिवण सोडून द्यायच्या. अरू पार्वतीबाईंना आई म्हणायची, त्यात नवल ते काय, लेकरू ज्याच्या हातचं जेवतं त्याला आई म्हणतं. आणि जयवंताला म्हणायची खाप्याची आई. जशी खाप्याची बस, खाप्याची वांगी, तशी खाप्याची आई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जयवंता हसली होती. मग दर खेपेला हसावंच लागलं.

नोकरी लागली तर मात्र ती नागपूरची होणार होती. कंपनीपासून हाकेच्या अंतरावर तिने एक खोलीसुद्धा पाहून ठेवली होती. खोलीच्या भिंतीत एक जुना खिळा होता आणि त्याला अरूचं दप्तर अडकवायचं, हे तिने मागच्या दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. खोली दुसऱ्याची, खिळा दुसऱ्याचा, पोरगीही सध्या दुसऱ्याचीच. पण दप्तर तिच्या डोळ्यांपुढे असं लटकायचं की मागावर बसल्या बसल्या तिचा सूत नेणारा धोटा थांबायचा.

तर परीक्षा. लांब टेबलाशी आठ बाया बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे एक लहान यंत्र. मूठ फिरवली की तार गुंडाळली जायची आणि वर आकडा पुढे सरकायचा. सुपरवायझर आनंदराव पन्नाशीचे होते, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला, बोलणं कमी. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की बाराशे वेढे घ्यायचे, वेढ्याला वेढा लागून बसला पाहिजे, वेळ पाऊण तास. तार केसाहून बारीक आहे, तुटते. तुटली तर हात वर करायचा, दुसरी तार मिळेल, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. तुटणं काही गुन्हा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

जयवंताने मूठ धरली आणि दहाव्या वेढ्याला तिची भीती पळाली. हे तर घरचंच काम होतं! तार बोटांतून अशी सुळसुळ जात होती की जणू तिचीच वाट पाहून राहिली होती. शेजारच्या बाईने दोनदा हात वर केला, पलीकडच्या एकीने तीनदा, शेवटी ती रडकुंडीलाच आली. जयवंताचा आकडा हजारावर गेला. दप्तर खिळ्याला लागलं. अकराशे चाळीसवर तार तुटली.

चंपतराव म्हणजे जयवंताचा बाप. त्याच्या घरी मागावर 'तुटलं' हा शब्द काढायची बंदी होती. बाया बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात ना, तसंच ते. सूत गेलं की जिभेला बोट लावायचं, दोन टोकं चिमटीत जुळवायची, गाठ मारायची आणि धोटा पुढे न्यायचा. गिऱ्हाईक सोडा, शेजारच्या मागावरच्यालाही कळता कामा नये. नवरा गेला तेव्हाही चंपतरावाने लेकीला रडत बसू दिलं नाही, चौदाव्या दिवशी मागावर बसवलं. माणूस वाईट नव्हता, त्याला दुसरं काही येत नव्हतं.

आनंदरावांचं बोलणं जयवंताने ऐकलं होतं, पण तिच्या हाताने ऐकलं नव्हतं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बोट जिभेला लागलं, टोकं जुळली, गाठ बसली. तिलाच भान आलं तेव्हा काम होऊन गेलं होतं. अजूनही हात वर करता आला असता. घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती, पुन्हा पहिल्यापासून म्हणजे नोकरी गेलीच. आणि खरं सांगायचं तर गाठ इतकी झकास बसली होती की तिला तिचा अभिमानही वाटला. तिने मूठ फिरवली आणि बाराशे पुरे केले.

आनंदरावांनी आठही कॉइली हातात घेऊन पाहिल्या. जयवंताची त्यांनी दोनदा फिरवली, दुसऱ्या साहेबांना बोलावून दाखवली. मग मीटरच्या दोन तारा तिच्या दोन टोकांना लावल्या. काटा हलला नाही. तारा पुसून पुन्हा लावल्या, तरी काटा जागचा हलेना.

"कुठं तुटली होती का बाई?" त्यांनी विचारलं.

"नाही जी," जयवंता म्हणाली.

आनंदरावांनी कॉइल यंत्रावर चढवली आणि उलटी सोडायला लागले. तार ते स्वतःच्या चिमटीतून जाऊ देत होते आणि आकडा मागे सरकत होता. अकराशे साठ. अकराशे पन्नास. अकराशे चाळीस त्यांच्या बोटांतून निघून गेलं आणि त्यांना लागलंच नाही! एवढ्या वर्षांचा कारागीर माणूस, पण गाठ त्याच्या बोटाला कळली नाही. ते खाली अकराशे वीसपर्यंत गेले, कपाळाला आठ्या पडल्या. आता तारेतच खोट होती म्हणून ते सोडून देतील, तिला दुसरी तार देतील. तिने फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहणं तर तिला जन्मापासून येत होतं.

पण तिला राहवलं नाही. का राहवलं नाही, ते तिला पुढेही सांगता आलं नाही. त्या माणसाच्या आठ्या पाहून तिला लाज वाटली, एवढंच.

"थांबा जी," ती म्हणाली. "ती जागा मागं गेली. मी गाठ मारली."

आनंदरावांनी भिंग लावून गाठ पाहिली. बराच वेळ पाहिली. मग त्यांनी तिला समजावलं की बाई, या तारेवर वार्निशचा लेप असतो. गाठ मारली तर लेप लेपाला भिडतो, आतलं तांबं तांब्याला भेटत नाही. वरून अखंड दिसते, पण आतून काही जात नाही. यापेक्षा तुटलेली बरी, निदान कळते तरी. सांगितलं काहून नाही, एवढंच त्यांनी विचारलं.

"आमच्यात सांगत नाही जी. जोडतात."

नोकरी तिला मिळाली नाही. त्या दिवशी एकीलाच घेतलं. दुसऱ्या जागेसाठी पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा होती आणि आनंदरावांनी तिचं नाव कागदावर सगळ्यात वर लिहिलं. या वेळी तार तुटली की हात वर करजा, असं त्यांनी जाता जाता बजावलं.

दोन बस बदलून ती नंदनवनात पोचली तोवर तीन वाजले होते. वाटभर ते तांब्याचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. दार अरूने उघडलं, तशीच आत वळली आणि तिने ओरडून सांगितलं, आई, खाप्याची आई आली! नवा फ्रॉक घातला, तो काखेत तंग झाला. दोन बोटं उंच झाली होती पोरगी एका महिन्यात. ती दोन बोटं वाढताना जयवंता तिथे नव्हती. अरू त्या तंग फ्रॉकमध्येच अंगणात खेळायला पळाली आणि पार्वतीबाईंनी चहा ठेवत विचारलं, कसा झाला इंटरव्ह्यू?

'बरा झाला' हे दोन शब्द जयवंताच्या ओठांवर तयारच होते. चार वर्षं ते दोनच शब्द तिने या घरात आणले होते. प्रवास बरा झाला, तब्येत बरी आहे, बरं चाललं आहे. तिने तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"नाही झाला, बाई. तार तुटली आन मी लपवली." मग तिचा बांधच फुटला. "मले ती नोकरी रेडिओसाठी नाही पाहिजे. मले अरू पाहिजे. ते मले खाप्याची आई म्हणते ना, तवा मी हसते, पण मले लय लागते."

पार्वतीबाई तशाच खाली बसल्या. चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत. म्हणाल्या, "तू हसत येते, हसत जाते. मले वाटे, हिले काही वाटतच नाही. म्हणून मी मनाले समजावलं का पोरगी माहीच हाय." मग पदर तोंडाशी नेऊन त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "तुले नोकरी लागू नये म्हणून मी टेकडीच्या गणपतीले नारळ बोलली होती वं. तीनही खेपेले."

हे ऐकून जयवंताला राग यायला हवा होता. पण कधी नव्हे ते या घरात कोणीतरी तिच्याशी खरं बोललं होतं. दोघी जणी स्टोव्हच्या दोन बाजूंना बसून पोटभर रडल्या. रडणं झाल्यावर पार्वतीबाईंनी डोळे पुसले आणि फर्मानच काढलं की पंधरा दिवस आता इथेच राहायचं. पहाटे चार वाजता उठून बस धरणाऱ्या हातातून तार तुटणार नाही तर काय होणार? पुढचं पुढे, पण यापुढे जे वाटेल ते सांगायचं, दोघींनीही. नारळ परत कसा घ्यायचा, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

साडेचार झाले. अरू अंगणातून आत आली, कोपऱ्यातली जयवंताची पिशवी उचलून दाराशी ठेवली आणि तिच्या चपला हातात घेऊन उभी राहिली. दर महिन्याला हे काम अरूच करायची, कोणी न सांगता. तिला वेळ पाठ झाली होती.

"तुही खाप्याची बस जाईल ना," ती म्हणाली.

"आज मी जात नाही," जयवंताने सांगितलं. "उद्याही नाही. पंधरा दिवस इथंच हाय."

अरूने चपला हातात धरूनच विचार केला. हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

"मग तुले खाप्याची आई कसं म्हणू?" तिने विचारलं. "काय म्हणू मग?"

चार वर्षं जयवंताने हे एकदाही मागितलं नव्हतं.

"मले आई म्हण," ती म्हणाली. "मले तेच पाहिजे."

अरूने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे पार्वतीबाई उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, पण त्यांना वर पाहता आलं नाही. अरूने चपला परत भिंतीशी नेल्या, घरातल्या बाकीच्या चपलांजवळ नीट जोडी लावून ठेवल्या, आणि उद्यापासून म्हणून पाहीन, असं सांगून पुन्हा खेळायला गेली.